नवजातांचे स्वरयंत्रदर्शन : दोन पद्धतींच्या तुलनेचा परामर्श

नवजात अर्भकाच्या श्वासनलिकेत नळी घालणे ही वैद्यकातील अत्यंत अल्पावधीची आणि तितकीच अवघड क्रिया होय. अर्भकाचे मुख लहान, जीभ त्या मुखाच्या मानाने मोठी, स्वरयंत्र प्रौढापेक्षा मानेत बरेच वर, आणि त्यावरील झाकणासारखी कूर्चा, म्हणजे एपिग्लॉटिस, लांब व लवचिक. एक किलोपेक्षा कमी वजनाच्या मुलासाठी जी नळी निवडतात तिचा आतला व्यास अवघा २.५ मिलिमीटर असतो. पुनरुज्जीवनाच्या प्रशिक्षणात एका प्रयत्नास साधारणपणे ३० सेकंदांची मर्यादा घालून दिलेली असते. तेवढ्या मुदतीत नळी योग्य जागी न गेल्यास पाते बाहेर काढावे, मुलास मुखवट्याने पुन्हा श्वास द्यावा आणि मगच दुसऱ्या प्रयत्नास हात घालावा, असा दंडक आहे. या अर्ध्या मिनिटात काय दिसते, ते कोणास दिसते आणि दिसलेल्याचे पुढे काय होते, या तीन गोष्टींवर क्रियेचे यशापयश अवलंबून असते. अलीकडील संशोधनाने यांपैकी पहिल्या गोष्टीकडे पुष्कळ लक्ष पुरविले आहे. दुसरी गोष्ट मात्र, ती डोळ्यांसमोर असूनही, उपेक्षितच राहिलेली दिसते.

ही क्रिया आज दोन प्रकारांनी केली जाते. प्रत्यक्ष स्वरयंत्रदर्शनात डॉक्टर पात्याने जीभ बाजूस सारतो, एपिग्लॉटिस उचलून धरतो आणि मुखातून सरळ रेषेत स्वररज्जूंपर्यंत दृष्टी पोचवितो. व्हिडिओ पद्धतीत पात्याच्या टोकाजवळ सूक्ष्म कॅमेरा व दिवा बसविलेला असतो आणि स्वररज्जूंचे चित्र शेजारच्या पडद्यावर उमटते. या दोहोंची तुलना करणाऱ्या प्रयोगांत सर्वांत अधिक चर्चा झाली ती डब्लिन येथील नॅशनल मॅटर्निटी हॉस्पिटलमध्ये झालेल्या प्रयोगाची. लूसी गेराटी, कॉल्म ओ'डॉनेल व त्यांचे सहकारी यांनी तो २०२४ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये प्रसिद्ध केला. प्रसूतिकक्षात किंवा नवजात अतिदक्षता विभागात ज्यांना तातडीने नळी घालावी लागली अशी ही अर्भके होती. त्यांची विभागणी चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे, यादृच्छिक रीतीने करण्यात आली. विश्लेषणात घेतलेल्या २१४ अर्भकांपैकी प्रत्येक गटात १०७ होती. पहिल्याच प्रयत्नात नळी योग्य जागी गेली ती व्हिडिओ गटात ७९ अर्भकांत, म्हणजे शेकडा ७४, आणि प्रत्यक्ष गटात ४८ अर्भकांत, म्हणजे शेकडा ४५.

एवढा मोठा फरक वैद्यकीय प्रयोगांत क्वचितच आढळतो. शेकडा २९ अंशांचे हे अंतर व्यवहारात मांडावयाचे तर, दर सात अर्भकांमागे सुमारे दोघांचा दुसरा प्रयत्न टळतो असे म्हणता येईल. दुसरा प्रयत्न म्हणजे काय हे ज्याने पाहिले आहे त्यास या आकड्याचे मोल वेगळे सांगावयास नको. खाली येणारी प्राणवायूची पातळी, मंदावणारे हृदय, कोवळ्या ऊतींस होणारी इजा आणि हात कापू लागलेला डॉक्टर यांचाच तो एक संच असतो. तेव्हा डब्लिनच्या निष्कर्षाचे स्वागत झाले हे योग्यच झाले. प्रश्न आहे तो निष्कर्षाच्या सत्यतेचा नसून त्याच्या अर्थाचा. 'व्हिडिओ विरुद्ध प्रत्यक्ष' हे शीर्षक वाचले की वाचकाची अशी समजूत होते की येथे दोन उपकरणांची, किंवा फार तर दोन दृष्टिमार्गांची, तुलना झाली. वस्तुतः या शीर्षकाखाली एकाहून अधिक गोष्टी एकाच वेळी बदलल्या आहेत, आणि त्यांतील जी सर्वांत महत्त्वाची असण्याचा संभव आहे तिचा शीर्षकात उल्लेखही नाही.

येथे 'प्रत्यक्ष' या शब्दाकडे थोडे वळून पाहिले पाहिजे. इंद्रिय आणि विषय यांचा साक्षात् संनिकर्ष घडला म्हणजे प्रत्यक्ष ज्ञान होते, असे आपल्याकडील नैयायिक मानीत आले. त्या अर्थाने मुखात डोकावणाऱ्याचे ज्ञान प्रत्यक्ष आणि पडद्याकडे पाहणाऱ्याचे ज्ञान अप्रत्यक्ष ठरते, आणि अप्रत्यक्ष म्हणजे कनिष्ठ अशी एक छटाही त्यात नकळत मिसळते. परंतु स्वरयंत्रदर्शनाचा इतिहास या क्रमाच्या उलट आहे. मॅन्युएल गार्सिया या गायनशिक्षकाने १८५४ साली लहान आरसा घशात धरून, सूर्यप्रकाश परावर्तित करून स्वतःचेच स्वररज्जू पाहिले आणि पुढच्या वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे आपली निरीक्षणे मांडली. म्हणजे जिवंत माणसाच्या स्वरयंत्राचा शास्त्रीय अभ्यास सुरू झाला तो आरशातून, अप्रत्यक्षपणे. आरसा दूर सारून सरळ रेषेत पाहण्याची रीत बर्लिनच्या आल्फ्रेड किर्श्टाइन यांनी १८९५ साली दाखविली. मिलर यांचे सरळ पाते १९४१ साली आले आणि त्याच आकाराची लहान पाती आज नवजातांसाठी जगभर वापरली जातात. तेव्हा कॅमेरा हा जुन्या आरशाचाच वारस ठरतो. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. गार्सिया वैद्य नव्हते. ते गाणे शिकवीत. शिष्याच्या गळ्यात काय चालले आहे हे गुरूस दिसत नाही, कानावरूनच तर्क करावा लागतो, ही गायनशिक्षणातील जुनीच अडचण. स्वरयंत्र डोळ्यांनी पाहण्याची ओढ प्रथम एका शिक्षकास लागावी यात नवल नाही. पुढे हे उपकरण वैद्यांच्या हाती गेले आणि त्याचे शिकविण्याशी असलेले हे नाते विस्मृतीत गेले.

आता डब्लिनच्या प्रयोगाकडे पुन्हा पाहू. त्याची रचना साधी व निर्दोष आहे. नळी श्वासनलिकेत गेली की नाही याचा निर्णय डॉक्टरच्या मतावर न सोडता उच्छ्वासातील कार्बन डाय-ऑक्साइडच्या अस्तित्वावर सोपविला होता. ज्या प्रयोगात कोणते पाते हाती आहे हे कोणापासूनही लपविता येत नाही, तेथे ही दक्षता फार मोलाची ठरते. गर्भावधीनुसार गट समतोल राहतील अशीही व्यवस्था होती. उणिवा शोधावयाच्या तर एकच रुग्णालय ही पहिली उणीव. परंतु ती उणीव म्हणून मांडताना तिचा नेमका परिणाम काय हे सांगितले पाहिजे; नुसते नाव घेऊन पुढे जाणे ही परीक्षणांतील एक आळशी सवय झाली आहे. एका रुग्णालयातील प्रयोगात प्रत्यक्ष गटाचे यश शेकडा ४५ येते ते त्या रुग्णालयातील हात कोणाचे होते त्यावर. व्हिडिओचा लाभ मोजला जातो तो या ४५ पासून. दुसऱ्या ठिकाणी ही पायरी ८० असेल तर २९ अंश वर चढण्यास जागाच उरत नाही.

दुय्यम निष्कर्षांचा विचार थोडक्यात करता येईल. प्रयत्नांची मध्यक संख्या व्हिडिओ गटात १ व प्रत्यक्ष गटात २ होती. क्रियेदरम्यान प्राणवायूची संपृक्तता किमान जेथवर उतरली त्याचा मध्यक अनुक्रमे शेकडा ७४ व ६८ होता, आणि हृदयस्पंदनाचा किमान मध्यक मिनिटास १५३ व १४८. दिशा सर्वत्र एकच, व्हिडिओच्या बाजूची. पण संपृक्तता व स्पंदन यांच्या विश्वासमर्यादा एकमेकींत मिसळतात. म्हणजे पहिल्या प्रयत्नाच्या यशात जी दरी पडली तेवढी दरी अर्भकाच्या शरीरावर उमटलेली दिसली नाही. एवढ्या लहान संख्येत ती दिसावी अशी अपेक्षाही करू नये. मेंदूतील रक्तस्राव किंवा मृत्यू यांबद्दल काही सांगण्यास याच्या अनेक पटींनी मोठा प्रयोग लागेल. तथापि 'पहिल्या प्रयत्नातील यश' हे अर्भकाच्या हिताचे सोयीस्कर चिन्ह आहे, स्वतः हित नव्हे, हा भेद विद्यार्थ्यांनी आकडे उद्धृत करताना विसरू नये.

शेकडा ४५ हा आकडा अनेकांना धक्कादायक वाटला. वाटावयास नको होता. ओ'डॉनेल यांनीच मेलबर्न येथे केलेले एक निरीक्षण २००६ साली प्रसिद्ध झाले होते. जन्मानंतरच्या पुनरुज्जीवनाची चित्रफीत पाहून त्यात नळी घालण्याच्या ६० प्रयत्नांचा हिशेब मांडलेला होता. निवासी डॉक्टरांचे यश शेकडा २४, त्यांच्यावरील फेलोंचे ७८ आणि वरिष्ठ तज्ज्ञांचे ८६. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या, दहा केंद्रांतील २,६०७ नलिकाप्रवेशांच्या आंतरराष्ट्रीय नोंदवहीतही पहिल्या प्रयत्नातील यश सुमारे निम्म्याच वेळा आढळले. याचा सरळ अर्थ असा की प्रत्यक्ष पद्धत ही एकच पद्धत नाही. शेकडा २४ आणि शेकडा ८६ ही दोन्ही तिचीच रूपे आहेत. पाते तेच, दिवा तोच, सरळ रेषाही तीच. हातामागील अनुभव तेवढा वेगळा. अशा पद्धतीशी जेव्हा एखाद्या नव्या साधनाची तुलना होते, तेव्हा साधन कशाची उणीव भरून काढते आहे हा प्रश्न प्रथम विचारला पाहिजे. दृष्टीची, की अनुभवाची?

या प्रश्नाचे उत्तर देऊ शकेल असा एक प्रयोग डब्लिनच्या नऊ वर्षे आधी होऊन गेला आहे, आणि डब्लिनच्या तेजापुढे तो फिका पडावा हे दुर्दैव होय. जॉइस ओ'शे व त्यांचे सहकारी यांनी मेलबर्न येथे केलेला हा प्रयोग २०१५ साली पीडिअॅट्रिक्स या नियतकालिकात आला. त्यात २०६ नलिकाप्रवेश होते. ते करणारे सर्व निवासी डॉक्टर नवजात अतिदक्षतेतील सहा महिन्यांहून कमी अनुभवाचे. दोन्ही गटांत उपकरण एकच होते : कॅमेरा बसविलेले मिलरच्या आकाराचे पाते. दोन्ही गटांत निवासी डॉक्टर नेहमीच्या रीतीने मुखातच पाहत होता. फरक केला होता तो एवढाच की एका गटात शेजारी उभ्या असलेल्या मार्गदर्शकास पडदा दिसत होता, आणि दुसऱ्या गटात पडदा झाकलेला होता. पहिल्या प्रयत्नात यश मिळाले ते पडदा दिसत असताना १०४ पैकी ६९, म्हणजे शेकडा ६६. पडदा झाकलेला असताना १०२ पैकी ४२, म्हणजे शेकडा ४१.

हे आकडे डब्लिनच्या आकड्यांशेजारी ठेवून पाहावेत. डब्लिनमध्ये अंतर २९ अंशांचे, मेलबर्नमध्ये २५ अंशांचे. पण मेलबर्नमध्ये नळी घालणाऱ्याच्या दृष्टीत काडीचाही बदल झालेला नव्हता. त्यास जे एरवी दिसले असते तेच दिसत होते. हातातील पाते दोन्ही वेळा तेच होते. बदलले ते शेजारच्या माणसाचे ज्ञान. आणि त्या ज्ञानातून निघालेले शब्द : जीभ आणखी डावीकडे घे, पाते फार खोल गेले आहे, थोडे मागे आण, आता दिसते आहे तीच अन्ननलिका, नळी घालू नकोस. जो प्रयोग उपकरण स्थिर ठेवून केवळ मार्गदर्शकाची दृष्टी मोकळी करतो आणि जवळजवळ तेवढाच लाभ दाखवितो, तो प्रयोग 'व्हिडिओ विरुद्ध प्रत्यक्ष' या शीर्षकालाच आव्हान देतो. दोन निरनिराळ्या ठिकाणच्या प्रयोगांतील आकडे असे सरळ वजा करून मोकळे होता येत नाही, हे खरे. अर्भके वेगळी, डॉक्टर वेगळे, साल वेगळे. तरीही डब्लिनच्या लाभातील किती भाग कॅमेऱ्याचा आणि किती भाग सामायिक झालेल्या दृष्टीचा, हा प्रश्न मेलबर्ननंतर टाळता येण्यासारखा नव्हता. पडदा खोलीतील इतरांनाही दिसतो हे साधनाच्या स्वरूपातच आहे. डब्लिनच्या दोन गटांच्या रचनेत या दोहोंची फोड होऊ शकत नाही, आणि ती करणे हा त्या प्रयोगाचा हेतूही नव्हता. परंतु जे मोजलेले नाही ते मोजल्याप्रमाणे उद्धृत होऊ लागले, की दोष उद्धृत करणाऱ्याकडे जातो.

प्रत्यक्ष पद्धतीने शिकविणे म्हणजे काय, याची कल्पना ज्यांस नाही त्यांस या फरकाचे मर्म कळणे कठीण. अर्भकाचे मुख इतके अरुंद की त्यात एका वेळी एकाच माणसाची दृष्टी जाऊ शकते. शिकणारा वाकून पाहत असतो आणि शिकविणारा त्याच्या खांद्याकडे, कोपराकडे आणि यंत्रावरील घसरत्या आकड्याकडे. 'काय दिसते?' असा प्रश्न होतो. 'दिसते आहे' असे उत्तर येते. काय दिसते हे त्या उत्तरात नसते, कारण ज्याने स्वररज्जू पूर्वी पाच-सहा वेळाच पाहिले आहेत त्यास गुलाबी ओलसर घडीतील कोणती घडी कोणती हे ओळखता येत नाही. आणि ज्यास ओळखता येते त्यास ती दिसत नाही. ज्ञान एकाकडे आणि दृष्टी दुसऱ्याकडे, अशी ही फारकत. शेवटी शिक्षक पाते आपल्या हाती घेतो, नळी घालतो, आणि शिष्याच्या पदरी एक अपयश व शून्य शिक्षण पडते. या सर्वांची किंमत तिसराच कोणी देत असतो, आणि त्यास बोलता येत नाही. पडद्याने ही फारकत मिटते. गार्सियांना आरशाने जे हवे होते त्याच्याशी याचे साम्य उघड आहे.

या प्रतिपादनाविरुद्ध एक भक्कम आक्षेप घेता येतो, आणि तो पुरता मांडला पाहिजे. लाभ केवळ शिकविण्याचा असता तर कुशल हातांत तो नाहीसा व्हावयास हवा होता. तसे होत नाही. २०२० साली लॅन्सेटमध्ये आलेल्या बहुकेंद्रीय प्रयोगात एक वर्षाखालील मुलांना शस्त्रक्रियेसाठी भूल देताना बालभूलतज्ज्ञांच्या चमूंनी नळ्या घातल्या. पहिल्या प्रयत्नातील यश व्हिडिओ गटात २७४ पैकी २५४, म्हणजे सुमारे शेकडा ९३, आणि प्रत्यक्ष गटात २७८ पैकी २४४, म्हणजे सुमारे शेकडा ८८. साडेसहा किलो किंवा त्याहून कमी वजनाच्या मुलांत हे अंतर वाढून शेकडा ९२ व ८१ असे झाले. चुकून अन्ननलिकेत नळी गेली ती व्हिडिओ गटात एकदा, प्रत्यक्ष गटात सात वेळा. भूल व स्नायुशैथिल्य देऊन, चांगल्या प्रकाशात, घाई नसताना, सरावलेल्या हातांनी हे घडले. म्हणजे कॅमेऱ्याचा स्वतःचा असा लाभ आहे, आणि रुग्ण जितका लहान तितका तो अधिक. याचे कारणही स्पष्ट आहे. सरळ रेषेत पाहण्यासाठी तोंड, घसा व स्वरयंत्र यांचे अक्ष जुळवावे लागतात. कॅमेरा टोकाजवळ असल्याने ही जुळवणी तेवढी काटेकोर लागत नाही आणि दृष्टीचा आवाकाही रुंदावतो. जेथे जागा कमी तेथे या सवलतीचे मोल जास्त. तेव्हा सर्व श्रेय शिकविण्यास देणे हाही अतिरेक होईल. पण आक्षेपाने जे सिद्ध होते तेवढेच घ्यावे. कुशल हातांत लाभ ५ अंशांचा, लहान मुलांत ११ अंशांचा. २९ अंशांपैकी उरलेल्यांचा हिशेब तरीही द्यावयाचा राहतोच.

दिसणे आणि नळी जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही या संदर्भात सांगितले पाहिजे. पडद्यावर स्वररज्जू स्वच्छ दिसत आहेत, आणि नळीचे टोक मात्र चित्रात येतच नाही, किंवा येऊन कडेला अडते, हा व्हिडिओ पद्धत नव्याने वापरणाऱ्या प्रत्येकाचा अनुभव असतो. डोळा एकीकडे आणि हात दुसरीकडे, असे काम करण्याची सवय वेगळी लावून घ्यावी लागते. माँट्रियलच्या अहमद मूसा व सहकाऱ्यांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात शिकाऊ डॉक्टरांचे यश व्हिडिओने शेकडा ७५ व प्रत्यक्ष पद्धतीने ६३ होते, परंतु यशस्वी प्रयत्नास लागणारा वेळ व्हिडिओ गटातच अधिक होता. लाळेने किंवा बाष्पाने भिंग झाकोळले की चित्र जाते ते क्षणात जाते, आणि अत्यंत कमी वजनाच्या मुलाच्या तोंडात कॅमेऱ्याचे पाते व नळी यांस एकत्र जागा करून देणे हीही कसरतच असते. या अडचणी सरावाने कमी होतात. सराव कोठून यावा हा खरा पेच आहे.

तो पेच गेल्या दोन दशकांत घट्ट होत गेला. पूर्वी जन्मतः मरगळलेल्या आणि विष्ठामिश्रित गर्भजलाने माखलेल्या अर्भकास सर्रास नळी घालून श्वासनलिका शोषून घेत. या प्रथेचा लाभ होत नाही असे दाखविणाऱ्या प्रयोगांत पुदुच्चेरीच्या जिप्मर संस्थेत १२२ अर्भकांवर झालेला आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेला भारतीय प्रयोगही होता. त्याच वर्षीच्या आंतरराष्ट्रीय शिफारशींतून ही सर्रास प्रथा वगळण्यात आली. अकाली जन्मलेल्या मुलांना नाकावाटे सतत दाबाने हवा देऊन नळी टाळण्याकडे कल वाढला. अर्भकांच्या दृष्टीने ही प्रगतीच आहे. परंतु शिकणाऱ्याच्या वाट्याला येणारे प्रसंग यामुळे फार थोडे उरले, आणि जे उरले ते सर्वांत अवघड. फुप्फुसांसाठीचे सर्फॅक्टंट हे औषध बारीक नलिकेने देण्याची नवी रीत आली, तिच्यातही स्वररज्जू पाहावेच लागतात. म्हणजे गरज संपली नाही, सरावाची संधी मात्र संपत आली. डब्लिनचे ४५ हे या इतिहासाचे अपत्य आहे. प्रत्यक्ष पद्धतीच्या अंगभूत मर्यादेचे ते मापन आहे असे मानले तर मेलबर्नच्या तज्ज्ञांचे ८६ कोठे ठेवावयाचे?

२०२४ साली युरोपातील भूलशास्त्राच्या मार्गदर्शक तत्त्वांनी नवजात व एक वर्षाखालील मुलांत वयास योग्य अशा पात्याचे व्हिडिओ उपकरण प्रथम पसंतीचे ठरविले. नवजातांच्या पुनरुज्जीवनाविषयी आंतरराष्ट्रीय समन्वय समितीने घेतलेली भूमिका अधिक सावध आहे : साधने व प्रशिक्षण असतील तेथे, विशेषतः कमी अनुभवी व्यक्ती नळी घालीत असेल तेथे, व्हिडिओ सुचवावा, प्रत्यक्ष पद्धत हा योग्य पर्याय मानावा, आणि साधे उपकरण पर्यायी म्हणून जवळ ठेवावेच. या शिफारशीतील 'कमी अनुभवी' हा शब्द मोलाचा आहे. पण शिफारस एवढ्यावर थांबते आणि कमी अनुभवी व्यक्तीच्या शेजारी कोणी उभे आहे की नाही हे विचारत नाही.

आपल्याकडे हा प्रश्न पुस्तकी नाही. महाराष्ट्रातील जिल्हा रुग्णालयांच्या विशेष नवजात शिशु काळजी कक्षांत दीर्घकाळ कृत्रिम श्वास देण्याची अपेक्षा सहसा नसते. अर्भक सावरून मोठ्या केंद्राकडे पाठवावयाचे असते. त्यामुळे नळी घालण्याचा प्रसंग तेथे विरळा, आणि आला तर तो नेमका पाठवणीपूर्वीचा, बहुधा अवेळी, एकट्या वैद्यकीय अधिकाऱ्यावर येणारा. अशा ठिकाणी डब्लिनच्या आकड्याच्या आधारे उपकरण खरेदी केले, तर ७४ हा आकडाही त्याबरोबर येईल असे समजणे धाडसाचे ठरेल. कॅमेऱ्याचा लाभ येईल. शेजारून पाहणाऱ्याचा येणार नाही, कारण शेजारी कोणी नाही. उलट वैद्यकीय महाविद्यालयाच्या अतिदक्षता विभागात, जेथे दर सहामाहीस नवे निवासी डॉक्टर येतात आणि पाहणारे तज्ज्ञ दिवसा तरी हजर असतात, तेथे एकच उपकरण अनेक हात घडवू शकते. खर्चाची सबब येथे पुढे केली जाते, पण तीही पूर्वीइतकी बळकट राहिलेली नाही. साध्या पात्यास स्वस्त सूक्ष्म कॅमेरा जोडून चित्र संगणकावर आणण्याचे प्रयत्न भारतीय भूलतज्ज्ञांनी केले आहेत. कॅमेरा परवडत नाही असे म्हणणाऱ्या संस्थेने पडद्याकडे पाहणाऱ्या माणसाची तरी व्यवस्था केली आहे काय, हे आधी तपासावे.

एक अवघड बाब राहते. पडद्यावरच शिकलेली पिढी उद्या शिक्षकाच्या जागी येईल. मिलरच्या आकाराचे कॅमेरायुक्त पाते दोन्ही प्रकारे वापरता येते. शिष्याने मुखात पाहावे आणि गुरूने पडद्यावर, ही मेलबर्नची रीत त्यामुळेच शक्य झाली. ही रीत प्रत्यक्ष कौशल्य राखून शिकविण्याचा लाभ देते. डब्लिनची रीत, जीत करणारा स्वतः पडद्याकडे पाहतो, तत्काळ यश देते, पण सरळ रेषेत पाहण्याचा सराव देत नाही. चित्र गेले, विजेरी संपली, तर हातात उरते ते तेच जुने पाते. दोन रीतींपैकी कोणती कोठे वापरावी हे ठरविण्यास आज पुरावा अपुरा आहे, कारण दोहोंची आपसांत तुलना करण्याऐवजी प्रत्येकीची तुलना तिसऱ्याच गोष्टीशी झाली आहे.

ही तुलना करावयाची तर तीन गट लागतील : पडदा केवळ करणाऱ्यास दिसणारा, केवळ मार्गदर्शकास दिसणारा आणि दोघांनाही दिसणारा. अडचण अशी की डब्लिननंतर कोणाच्याही डोळ्यांपुढील पडदा झाकणे नैतिक समितीस मान्य होईल काय, याची शंका आहे. २०१५ पूर्वी ते झाकणे निर्धास्त होते, कारण न झाकल्याने लाभ होतो हे ठाऊक नव्हते. आता दुसरी वाट उरते ती झालेल्या घटनांच्या नोंदींची. ज्या विभागांत व्हिडिओ उपकरण नित्याचे झाले आहे तेथे प्रत्येक नलिकाप्रवेशाच्या नोंदीत एक रकाना वाढवावा : त्या वेळी पडद्याकडे पाहणारा दुसरा जाणता माणूस खोलीत होता की नव्हता. रात्रीच्या आणि दिवसाच्या नोंदी वेगळ्या काढल्या, तर फार खर्च न करता काही वर्षांत हा हिशेब लागू लागेल, आणि तो लावण्यास महाराष्ट्रातील एखाद्या महाविद्यालयाचा पदव्युत्तर प्रबंधही पुरेसा आहे.